करडी नदीचा घोडा

मित्रांनो, माझे दात पाहून माझे वय ठरवू नका. ते वयाने कमी आणि राखेने जास्त झिजले आहेत. म्हातारा मात्र मी आहेच. एकोणतीस हिवाळे मी या काळ्या वाळूच्या काठावर काढले. मी शर्यतीत कधी पळालो नाही, गाडीही ओढली नाही. मी नदीचा घोडा. आइसलँडच्या या दक्षिण किनाऱ्यावर तेव्हा एकाही मोठ्या नदीवर पूल नव्हता. बर्फाच्या पोटातून निघालेले गार, गढूळ पाणी ओलांडायचे तर घोड्याच्या पाठीवरूनच, आणि ते काम प्रत्येक घोड्याला जमत नसे.

माझा जन्म वसंतात, घरामागच्या खडकांच्या आडोशाला झाला. घराची मालकीण ओद्नी सकाळी कॉफीची किटली रिकामी करायला बाहेर आली, तेव्हा मी चार पायांवर उभे राहायची खटपट करत होतो. तिने एकदा किटलीतल्या गाळाकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. दोन्हींचा रंग एकच होता. तिने माझे नाव कोर्गुर ठेवले. कोर्गुर म्हणजे गाळ. तिचा नवरा ब्रान्दुर याला ते मुळीच आवडले नाही. चांगल्या शिंगराला कुणी गाळ म्हणते का, असे तो कुरकुरला. ओद्नी म्हणाली की आपली करडी नदीही सगळी गाळच आहे, हा तिच्याच नात्यातला दिसतो.

ब्रान्दुर आमच्या भागातला वाटाड्या होता. ज्याला नदीपलीकडे जायचे असेल त्याने आधी आमच्या दारात यायचे, हा रिवाजच होता. त्याने मला अगोदर ओढ्यात नेले, मग करडीच्या लहान फाट्यांत, आणि पाचव्या वर्षी मुख्य प्रवाहात. चाबूक त्याने मला कधी दाखवला नाही. पाण्याच्या काठाशी आलो की तो लगाम सैल सोडायचा, मानेवर थोपटायचा आणि म्हणायचा, "बघ बाबा, तुला काय वाटतं." मग तो गप्प बसायचा. कुठून उतरायचे ते मी ठरवायचे.

हळूहळू मी पाणी वाचायला शिकलो. जिथे ते बारीक लाटांनी थरथरते तिथे तळ जवळ असतो. जिथे ते तेलासारखे गुळगुळीत वाहते तिथे घोडाही बुडेल इतके खोल. पाय टेकताच वाळू हलली, तर दुसरा पाय टाकायचा नाही. मी सुईणीला पलीकडे नेले, टपालाच्या पेट्या नेल्या, धर्मगुरूंना नेले. एकदा पाठीवर आडवी बांधलेली शवपेटीही नेली. पलीकडे पोहोचल्यावर लोक माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणत, "कोर्गुर कधी मागे फिरत नाही." मला त्या वाक्याची चटक लागली. मित्रांनो, ती चटक वाईट होती.

आमच्या अंगणातून ग्रीमा दिसते. पालथ्या वाडग्यासारखा पांढराशुभ्र डोंगर. ग्रीमा म्हणजे मुखवटा. वरून पाहिले तर नुसते बर्फ, आणि त्या बर्फाखाली आगीचा डोंगर. आमच्या वाळूखाली एक जुने चर्च आहे, असे शेजारचा तोर्फी सांगे. त्याच्या पणजोबांच्या वेळी ग्रीमाने पाणी सोडले आणि सात घरे, चर्च, दफनभूमी, सगळे एकाच दुपारी वाळूखाली गेले. त्यामुळे वाळूवरून जाताना कुणी तिचे नाव घेत नसे.

मी नऊ वर्षांचा असताना राजधानीहून केतिल नावाचा एक सडपातळ माणूस नकाशे काढायला आला. त्याचे बूट सदा ओले असत. पंधरा दिवस मी त्याच्या पेट्या बर्फाच्या कडेपर्यंत वाहिल्या. एकदा त्याने नदीकाठची दरड फावड्याने तासली आणि ब्रान्दुरला आतले थर दाखवले. मातीत काळ्या, तांबूस, फिकट रेघा होत्या. प्रत्येक रेघ म्हणजे ग्रीमाने एकदा टाकलेली राख, दोन रेघांमधली माती म्हणजे तिची झोप. केतिलने त्या झोपा बोटांनी मापल्या. कुठे दोन बोटे, कुठे तीन. सगळ्यात वरच्या रेघेवर मात्र पाच बोटे माती साचली होती. इतका वेळ ती कधीच झोपली नव्हती, एवढेच तो म्हणाला आणि फावडे पुसत राहिला.

त्याच संध्याकाळी ओद्नी अंगणात चुलाणावर लोकर धूत होती. केतिलने माझ्या खोगिराच्या पिशवीतून बर्फाचे मोठे ढेकूळ काढले, एका पसरट तव्यात पालथे ठेवले आणि तवा निखाऱ्यांवर सरकवला. बर्फ होता तसाच दिसत होता. धूर नाही, वाफ नाही. खाली मात्र पाणी साचत होते आणि बर्फाच्या वजनाने कडेला अडून राहिले होते. पाहता पाहता ढेकूळ केसभर वर उचलले गेले, आणि साचलेले सगळे पाणी एका बाजूने फस्सकन निखाऱ्यांवर पडले. राख उडाली ती थेट धुतलेल्या लोकरीवर.

ओद्नी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कळलं हो. आता ही लोकर कोण धुणार? तुझी ग्रीमा?"

लोकर केतिलनेच धुतली. पण जाताना त्याने तिला बाजूला घेऊन सांगितले की धुराची वाट पाहत बसू नका, अगोदर पाणी येते. नदीला सडक्या अंड्यांचा वास येतो का बघा, ती कारण नसताना चढते की उतरते ते बघा, आणि बर्फावर कुठे खळगा पडतो का तेही. त्याने काठाशी खाचा पाडलेला एक खांब रोवून दिला. ओद्नी रोज सकाळी जाऊन पाणी कुठल्या खाचेपर्यंत आहे ते वहीत लिहू लागली. लोकांनी तिची थोडी थट्टा केली. ती लिहीत राहिली.

पुढच्या वर्षी शरद ऋतूत तिला ग्रीमाच्या अंगावर एक सावली दिसली. पांढऱ्या पाठीला कुणी अंगठा दाबावा तसा खळगा होता. पाण्याचा वास वाढला. पेटीत ठेवलेला तिचा चांदीचा आकडा, जो ती फक्त चर्चला जाताना झग्याला लावायची, तो काळा पडला. आणि चार दिवस पाऊस पडत असताना करडीचे पाणी वाढायचे सोडून खांबाच्या तळाशी गेले.

त्याच दिवशी सकाळी तोर्फी घोड्यावरून आला. नदीपलीकडे, वाळूच्या मधोमध गवताचा एक पट्टा आहे. तिथे त्याची आणि आमची मिळून साठेक मेंढरे राहिली होती. दोन दिवसांत बर्फ पडेल असे दिसत होते. आज आणली नाहीत तर गेलीच, असे तो म्हणाला. ब्रान्दुरने माझ्यावर खोगीर चढवले.

ओद्नी दारात आली. "पाऊस पडतोय आणि नदी उतरतेय, ब्रान्दुर. हे बरं लक्षण आहे का?"

"दुपारी परत येतो. आज तर मोजेसुद्धा भिजायचे नाहीत."

"माझी चांदी काळी पडलीय."

त्याने तिच्या हातून तो आकडा घेतला, बाहीवर थोडा घासला आणि परत दिला. "आल्यावर उजळून देतो."

तोर्फी हसून म्हणाला की वहिनी उगाच घाबरतात, कोर्गुर बरोबर आहे, तो कधी मागे फिरलाय का.

काठाशी ब्रान्दुरने लगाम सैल सोडला. नेहमीसारखे थोपटले. "बघ बाबा, तुला काय वाटतं."

मित्रांनो, मला वास येत होता. नाकपुड्या जळत होत्या. खुरांखाली जमीन फार खोलवर गुरगुरत होती, माणसांना कळणार नाही इतकी हळू. माझे पुढचे पाय कापत होते. मला मागे वळायचे होते. पण तोर्फी शेजारी उभा होता आणि मी कधीच मागे न फिरणारा घोडा होतो. ब्रान्दुरने मला विश्वासाने विचारले होते. मी पाण्यात पाय टाकला.

नदी गुडघ्याइतकीच होती. आम्ही पलीकडे गेलो, मेंढरे गोळा केली. तोर्फी निम्मी मेंढरे पुढे हाकत वाळूतल्या एका खडकाळ टेकाडापर्यंत पोहोचला. आम्ही मागे, अजून अर्ध्या कोसावर होतो. तेवढ्यात आमच्याबरोबर आलेल्या राखणीच्या कुत्र्याने भुंकणे थांबवले आणि तो पोटावर बसला. आकाश निरभ्र झाले होते. ग्रीमाच्या डोक्यावर धुराची एक रेघही नव्हती.

आधी आवाज आला, दरड कोसळत राहावी आणि संपूच नये तसा. मग उत्तरेकडे वाळूच्या कडेला एक काळी भिंत दिसली. त्या भिंतीतून घरांएवढे बर्फाचे तुकडे वर येत, उलटत आणि पुन्हा आत जात. ब्रान्दुरने लगाम आवळला नाही. तो माझ्या मानेवर वाकून एवढेच म्हणाला, "पळ."

मी पळालो. टेकाड शंभर पावलांवर होते तेव्हा पाण्याची एक जीभ आमच्या पुढून गेली. मी पोहू लागलो. ते पाणी नव्हतेच, वाळू आणि बर्फाची लापशी होती. एक तुकडा खोगिरावर आदळला आणि ब्रान्दुर पाठीवरून गेला. पण त्याने माझी शेपटी धरली. नदीत पडलेल्या माणसाने असेच करायचे असते, त्यानेच हे कित्येकांना शिकवले होते. शेपटीवर त्याचे पूर्ण ओझे आले. मी त्याला ओढत होतो. टेकाडाचा खडक माझ्या पुढच्या खुरांना लागला. आणि त्याच क्षणी शेपटी हलकी झाली.

तोर्फीने मला लगामाला धरून वर ओढले. तो पाण्याच्या कडेने वेड्यासारखा धावत राहिला, हाका मारत राहिला. मग ग्रीमाच्या माथ्यावरचे बर्फ फाटले. धुराचा काळा खांब चढला आणि दुपार चालू असताना अंधार झाला. राख पडू लागली. ती काचेच्या चुऱ्यासारखी होती, डोळ्यांत गेली की खुपायची. त्या अंधारात विजा आडव्या चमकत होत्या. टेकाडावरची चार मेंढरे विजेने तिथल्या तिथे मेली. दोन दिवस तोर्फी माझ्या पोटाला टेकून, तोंडावर सदरा बांधून बसला. एकदाच तो बोलला. "मीच त्याला न्यायला आलो होतो," असे म्हणाला. मी त्याचा श्वास ऐकत होतो. माझे अपराधीपण त्याला सांगायला मला तोंड नव्हते.

तिसऱ्या दिवशी उजेड आला. पाणी उतरले होते. ओळखीची वाळू राहिली नव्हती. बर्फाचे ढिगारे मैलभर पसरले होते आणि किनारा समुद्रात पुढे सरकला होता. मी तोर्फीला घेऊन घरी आलो. ओद्नी दारात उभी होती. तिने तोर्फीच्या मागे पाहिले, मग माझ्या पाठीवरच्या फाटक्या खोगिराकडे पाहिले, आणि आत जाऊन तिने दार लावले.

लोकांनी माझे फार कौतुक केले. मालकाला ओढत काठापर्यंत आणणारा घोडा म्हणून लांबून लोक मला बघायला आले. धर्मगुरूंनी प्रवचनात माझा उल्लेख केला. मी मान खाली घालून उभा राहायचो. त्यांना वाटायचे मी दुःखी आहे. होतोच, पण तेवढेच नव्हते.

त्या हिवाळ्यात राख लागलेले गवत खाऊन मेंढरांच्या जबड्यांना गाठी आल्या, दात वाकडे वाढले, कोकरे जगली नाहीत. माझे दात झिजले ते तेव्हाच. निम्मे शेजारी घरे सोडून गेले. ओद्नी राहिली. ब्रान्दुर सापडला नव्हता, म्हणून ती राहिली.

आणि माझ्या बाबतीत एक गोष्ट सुरू झाली, ती अजून थांबलेली नाही. वारा पडला, धुके उतरले की माझ्या शेपटीला ओढ लागते. कुणीतरी दोन्ही हातांनी धरल्यासारखी. मी हलत नाही. मागे वळून पाहत नाही. मी वाट बघतो. मग शेपटी हलकी होते.

वसंतात केतिल पुन्हा आला. त्याला ओद्नीच्या डोळ्यांना डोळे भिडवता येत नव्हते. शरदात आपण इथे असायला हवे होते, असे तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याने वाळूबद्दल नवा इशारा दिला. पुराबरोबर आलेले बर्फाचे मोठे तुकडे वाळूखाली गाडले गेले होते. ते वर्षानुवर्षे सावकाश वितळणार होते. वरची जमीन टणक दिसेल, पण आत पोकळ होईल आणि एक दिवस खचून खड्डा पडेल. त्यात नुसती राड असेल. माणूस त्यात पडला तर निघणार नाही. त्याने सुरक्षित वाटेवर खांब रोवून दिले.

ओद्नीने त्यातले एकच ऐकले. वाळूने जे पोटात घेतले आहे ते ती परत उघडणार आहे. दर उन्हाळ्यात नवा खड्डा पडला की ती माझ्यावर बसून तिथे जाई. काठाशी उभी राहून तासन् तास आत बघे. त्या खड्ड्यांतून मेंढीची हाडे निघाली, जुन्या दफनभूमीतली एक फळी निघाली. पाच उन्हाळे आम्ही असे फिरलो. ती माझ्याशी बोलत नसे. पण लगाम ती ब्रान्दुरसारखाच सैल सोडायची.

पाचव्या उन्हाळ्यात एका दुपारी तिला खांबांच्या वाटेपासून दूर एका नव्या खड्ड्यात काहीतरी काळे दिसले. वाकलेल्या पाठीसारखे. ती खोगिरात सरळ झाली. "तोच आहे," असे ती पुटपुटली आणि तिने मला टाच मारली.

माझ्या खुराखाली वाळू हलली. मी थांबलो.

तिने पुन्हा टाच मारली. मी हललो नाही. ती खाली उतरली आणि पायीच निघाली. मी तिच्या पुढे जाऊन आडवा उभा राहिलो. तिने मला ढकलले, लगामाचे टोक तोंडावर मारले. आमच्या घरात मला पडलेला तो पहिला मार. ती डावीकडून गेली, मी डावीकडे सरकलो. ती उजवीकडे वळली, मी तिच्या लोकरीच्या सदऱ्याची बाही दातांत धरली आणि सोडली नाही. आम्ही तसेच झटत असताना समोरची जमीन अजिबात आवाज न करता खाली बसली. पाच पावलांवरची. ती काळी पाठही उलटली, आणि दिसले की तो राखेने माखलेला बर्फाचा तुकडा होता.

ओद्नी वाळूवर बसली.  मग तिने माझ्या पायाला डोके टेकले.

"हे तेव्हा का नाही केलंस, कोर्गुर?"

मित्रांनो, तो प्रश्न पाच वर्षे मी रोज स्वतःला विचारत होतो. तिच्या तोंडून तो ऐकल्यावर मला प्रथमच वाटले की हे ओझे मी एकटा वाहत नाही. तिला माहीत होते. कदाचित पहिल्या दिवसापासून. आणि तरीही तिने मला चारा घातला होता.

त्यानंतर ती खड्डे शोधायला गेली नाही. काठाशी नवा खांब रोवून खाचा वाचायचे काम तिने पुन्हा सुरू केले. गावात टेलिफोन आला तेव्हा तो तिच्या स्वयंपाकघरात बसवला, कारण नदी तिच्या खिडकीतून दिसे. मग करडीवर पूल झाला आणि माझे काम संपले. सुरुवातीला मुले मला बघायला यायची, पुढे तीही थांबली. म्हाताऱ्या घोड्यावर हिवाळ्याचे गवत कशाला उधळायचे, असे एकाने ओद्नीला सुचवले. तिने त्याची कॉफी अर्ध्यातच उचलून घेतली. तोर्फी आता वाकला आहे, पण दर शरदात न सांगता गवताचा भारा माझ्या गोठ्यात टाकून जातो.

गेल्या वर्षी पुन्हा वास आला. नदी पुन्हा कारण नसताना उतरली. पुलाखाली वाळूवर रस्त्याचे बारा कामगार तंबू ठोकून राहिले होते. ओद्नीने टेलिफोनची मूठ फिरवून सगळ्या घरांना धोक्याची लांब घंटा दिली. कामगारांच्या मुकादमाने तंबूतल्या टेलिफोनवरून उत्तर दिले की आकाश तर स्वच्छ आहे.

ती म्हणाली, "आकाश बघू नकोस. माझ्या दारात ये, कॉफी तयार आहे. पाणी आलं नाही तर मला वेडी म्हण."

ते कुरकुरत वर आले. दोन तासांनी पूल गेला, तंबू गेले. बारा माणसे आमच्या अंगणात, कप हातात धरून, पुलाच्या रिकाम्या जागेकडे बघत उभी होती. त्यांतला एक माझ्या मानेवर हात ठेवून रडत होता. मी कोण आहे हे त्याला माहीत नव्हते.

मित्रांनो, तुम्हाला माझे एवढेच सांगणे आहे. कुणी विश्वासाने लगाम सैल सोडून विचारले, तर खरे उत्तर द्या. लोक काय म्हणतील, आपले नाव जाईल का, याचा विचार तेव्हा करू नका. आणि तुम्ही जर विचारणारे असाल, तर उत्तर यायला थोडा वेळ द्या. पाय कापत आहेत का ते बघा. जे बोलू शकत नाहीत, त्यांना विचारून लगेच पुढे निघू नका.

ग्रीमा आज शांत आहे. तिच्या बर्फावर ऊन पडले आहे आणि ती फार सुंदर दिसते आहे. तिच्याकडे बघा, अवश्य बघा. फक्त नदीकडे पाठ करून उभे राहू नका.